हप्ते ८४, हमी ३६

हाळी-हंडरगुळीच्या बाजारात बैल घ्यायला आलेला माणूस आधी बैलाचे तोंड उघडतो. दोन दात, चार दात, सहा दात की जुळलेला, हे पाहून त्याच्या मनात वयाचा आणि किमतीचा हिशेब सुरू होतो. मग तो खुरांकडे वळतो, खांद्यावरून हात फिरवतो, जनावर चार पावले चालवून मागून त्याची चाल न्याहाळतो. जमले तर गाडीला जुंपूनही पाहतो. भाव पुढे दलालाच्या रुमालाखाली बोटांनी ठरतो, तो भाग वेगळा, पण भावाच्या आधी एक प्रश्न हमखास विचारला जातो : "खोड काय आहे?" बैल मारका आहे का, बुजरा आहे का आणि सर्वांत वाईट म्हणजे बसका आहे का. चढ लागला की जुवाखाली बसकण मारणाऱ्या बैलाला बाजारात कोणी विचारत नाही. खोड लपवून बैल गळ्यात मारणारे व्यापारी पूर्वीही होतेच. पण बाजार पुन्हा भरणार आणि घेणारा-विकणारा पुन्हा समोरासमोर येणार, या एका गोष्टीचा धाक मोठा होता.

देवणी हे गाव देशाला माहीत झाले तेच बैलामुळे. पांढराशुभ्र बालंक्या, पांढऱ्या अंगाचा पण काळ्या तोंडाचा वानेरा आणि पांढऱ्यावर काळ्या डागांचा शेवेरा, अशा तीन रंगांत ओळखली जाणारी ही जात. गीर आणि डांगी यांचे रक्त स्थानिक गुरांत मिसळून ती तयार झाली, असे जाणकार सांगतात. गाय दूध देते, बैल औत ओढतो. म्हणजे कुटुंबाची दोन्ही कामे एका दावणीला. आता तालुक्याच्या गावी फिरलात तर दावणी कमी आणि दारापुढे उभ्या असलेल्या गाड्या जास्त दिसतील. त्यांतही चारचौघांना परवडणारी आणि सगळ्या घराला पोटात घेणारी गाडी म्हणजे व्हॅन. आजीला गुडघे दुमडावे लागत नाहीत, ज्वारीचे पोते मागे बसते, तुळजापूर-गाणगापूरला निघाले की दोन भावांची लेकरे एकाच गाडीत मावतात. मुलगी लातूरला शिकवणीला ठेवलेली असेल, तर दर रविवारी घरचा डबा, धुतलेले कपडे आणि थोडा उपदेश घेऊन हीच गाडी लातूरला जाते. तीही कुटुंबाची दोन्ही कामे करते, म्हणून ती कुटुंबाची गाडी.

आता ही गाडी बसकी निघाली तर?

आमचे एक शिक्षक मित्र आहेत. नवरा-बायको दोघे नोकरीत, एक मूल शिकायला बाहेर, घरात वृद्ध आई. त्यांनी सात वर्षांच्या कर्जावर नवी कोरी व्हॅन घेतली. कंपनीचे नाव येथे सांगायचे कारण नाही. चौथ्या वर्षी गाडी तिसऱ्या गिअरमधून आपोआप निसटू लागली. आधी महिन्यातून एकदा, मग रोज. पुढे गिअर टाकताना जात्यात खडा आल्यासारखी कर्रकर्र. एका रविवारी उदगीरच्या अलीकडे इंजिन सुरू, गिअर पडलेला, क्लच सोडलेला, आणि गाडी जागच्या जागी. अधिकृत वर्कशॉपमध्ये निकाल मिळाला : गिअरबॉक्स गेला, हमीची मुदत काही महिन्यांपूर्वी संपली, दुरुस्तीपेक्षा बॉक्सच बदललेला बरा. सांगितलेली रक्कम कर्जाच्या पाच हप्त्यांहून अधिक होती.

सरांनी गाडी ओढून गावच्या मिस्त्रीकडे आणली. आमच्या भागात जुन्या मिस्त्रीला अजून उस्ताद म्हणतात. निजामाच्या राज्याने मागे ठेवलेला हा एक चांगला शब्द. उस्तादांनी खालचा नट सैल केला, ताटलीत तेल घेतले. तेल म्हणायचे एवढेच. लिटरच्या जागी पेलाभर काळपट चिखल निघाला. तो त्यांनी बोटांवर घेऊन उन्हात धरला. त्यात सोनेरी चमक होती. मग लोहचुंबक फिरवले, त्याला बारीक कचकच चिकटली. ते म्हणाले, "सर, ह्ये मेलं न्हाई. ह्येला उपाशी मारलंय."

या एका वाक्यात यंत्रशास्त्राचा बराच भाग आला. घरातल्या ज्यांना गाडीच्या पोटात काय असते याच्याशी देणेघेणे नसते, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इंजिन नुसते जोरात फिरते; त्याला एका बैठकीत ओझे उचलता येत नाही. चढावर सायकलचे दात बदलून आपण जसे पायाला सोपे करून घेतो, तसे काम गिअर करतात. वेगवेगळ्या आकारांची पोलादी चक्रे एकमेकांत दात रुतवून फिरत असतात. एका चक्रावरून दुसऱ्याकडे जाताना दोघांची गती जुळवायला मध्ये पितळेच्या कड्या असतात. त्यांना मिस्त्री सिंक्रो म्हणतात. उस्तादांना दिसलेली सोनेरी चमक ही त्या कड्यांची झीज आणि चुंबकाला चिकटली ती चक्रांची व बेअरिंगची. हे सगळे ज्या तेलात बुडून फिरते, ते अशा लहान व्हॅनमध्ये जेमतेम लिटर-दीड लिटर. इंजिनचे तेल आपण दर सर्व्हिसिंगला बदलतो, कारण ते जळते आणि काळे पडते. गिअरचे तेल जळत नाही, म्हणून त्याची आठवण कोणाला होत नाही. पण दांडा बाहेर येतो तिथे रबराचे सील असते, ते कडक होते, तडकते, आणि तेल थेंबाथेंबाने रस्त्याला लागते. डॅशबोर्डावर पेट्रोलचा काटा आहे, इंजिन तापल्याचा दिवा आहे. अशा गाड्यांत गिअरच्या तेलासाठी मात्र ना काटा ना दिवा. गाडीखाली वाकून पाहणे हा एकच उपाय, आणि मध्यमवर्गीय माणूस गाडीखाली वाकतो तो फक्त मुलाचा चेंडू काढायला.

सरांचे सर्व्हिस बुक मी पाहिले. सगळी सर्व्हिसिंग वेळेवर, सगळी अधिकृत वर्कशॉपमध्ये. 'गिअर तेल तपासले' या चौकटीत प्रत्येक वेळी टिकमार्क. ज्याने आयुष्यभर लेजर तपासले आहे त्याला सलग एकसारखे टिकमार्क दिसले की थोडी शंका येते. एका पेनाने एका दमात केलेली खूण लपत नाही. पण शंका म्हणजे पुरावा नव्हे, आणि पुराव्याकडे मी नंतर येणार आहे.

गिअरबॉक्स अकाली जातो यात दरवेळी कंपनीचा दोष असतो असे नाही, हेही सांगितले पाहिजे. आपल्याकडे गाडी चालवण्याच्या काही सवयी अशा आहेत की गिअरबॉक्सला वाचा असती तर त्याने कधीच काडीमोड मागितला असता. डावा पाय कायम क्लचवर ठेवून चालवणारे आहेत. त्यांना वाटते पाय विसावला आहे, पण क्लच तोपर्यंत अर्धवट घसरत असतो. डावा हात कायम गिअरच्या दांड्यावर ठेवणारे आहेत. त्या हाताचे वजन आत नाजूक फाट्यांवर पडते. पेट्रोल वाचेल म्हणून चढावर वरचाच गिअर दामटणारे आहेत. आणि ओझे. पाच किंवा आठ माणसांचा परवाना असलेल्या गाडीत वऱ्हाड किती बसते, हे विचारायचे नसते. देवणी हे सीमेवरचे गाव, भालकी-औरादकडे सोयरिकी. लग्नसराईत दोन राज्यांचे रस्ते आणि दोन घरांचे पाहुणे एकाच गाडीच्या माथी येतात. ओढण्याचा जोर ठरलेला आहे हे बैलाच्या बाबतीत आपल्याला कळते. शेतकरी चढाला स्वतः गाडीतून उतरतो. व्हॅनमधून कोणी उतरत नाही.

पण नीट वापरूनही बॉक्स जातात, आणि त्यात नुसते गावाकडच्या रस्त्यांचे काम नाही. कौटुंबिक व्हॅनचा जन्म दोन देशांत जवळजवळ एकाच वेळी झाला. अमेरिकेत क्रायस्लर कंपनीची मिनिव्हॅन १९८४ च्या मॉडेलची. आपल्याकडे मारुतीची व्हॅन त्याच १९८४ साली आली. तीन सिलिंडरचे ७९६ सीसीचे इंजिन पुढच्या सीटखाली, आणि जोर मागच्या चाकांना. पुढे तिचे नाव ओम्नी झाले. सुरक्षिततेचे नवे नियम आल्यावर २०१९ मध्ये ती बंद झाली, तोवर तिने साडेतीन दशके शाळेची मुले, दूध, वर्तमानपत्रे, रुग्ण आणि वऱ्हाडे वाहिली. (मध्ये २००१ साली मारुतीने व्हर्सा नावाची थोरली व्हॅन काढली होती आणि तिच्या जाहिरातीत बच्चन पितापुत्र दोघे होते. ती चालली नाही. त्याच धर्तीची साधी ईको २०१० साली आली आणि चालली. कुटुंबाच्या गाडीला नट लागत नाहीत.)

अमेरिकेतल्या आपल्या मराठी घरांतही हीच वाहनजात. मुलांची मराठी शाळा, भारतातून आलेले आईवडील, त्यांच्या जड बॅगा, अधिवेशनाला जाण्यासाठी दोन कुटुंबांचा एकत्र प्रवास. या सगळ्याला मिनिव्हॅनच लागते. तिथल्या अनेकांनी होंडाची ओडिसी घेतली, कारण होंडा म्हणजे डोळे मिटून घ्यायची वस्तू, अशी ख्याती. रस्ते तुळतुळीत, वजन नियमात, सर्व्हिसिंग काटेकोर. तरीही १९९९ नंतरच्या काही मॉडेलांचे स्वयंचलित गिअरबॉक्स वेळेच्या फार आधी जाऊ लागले. तक्रारी वाढल्या तशी कंपनीने १९९९ ते २००१ च्या गाड्यांच्या गिअरबॉक्सची हमी सात वर्षे किंवा एक लाख मैलांपर्यंत वाढवली. पुढे २००४ च्या एप्रिलमध्ये ओडिसीसह आपल्या निरनिराळ्या मॉडेलांच्या मिळून सुमारे ११ लाख गाड्या तिने परत बोलावल्या.

कारण काय निघाले? दुसऱ्या गिअरच्या चक्राला काही परिस्थितीत पुरेसे तेल पोचत नव्हते. ते तापे, कमकुवत होई, दात तुटत, आणि धावत्या गाडीत बॉक्स जाम होण्याचा धोका होता. उपायही साधा होता. १५ हजार मैलांपेक्षा कमी धावलेल्या गाड्यांत त्या चक्रावर तेलाची धार पडेल अशी छोटी जोडणी केली. त्याहून जास्त धावलेल्या गाड्यांत आत डोकावून चक्राचा रंग पाहिला. तापून रंग बदललेला असेल तर बॉक्स बदलला. म्हणजे जगातल्या नावाजलेल्या कंपनीच्या अभियंत्यांनी जे शोधले ते आमच्या उस्तादांच्या भाषेत, उपाशी मारलंय, हेच होते. फरक पुढे आहे. तिथे उपाशी कोणी ठेवले याची चौकशी झाली आणि मुदत संपत आलेल्यांनाही मुदत वाढवून मिळाली. आमच्या सरांना पाच हप्त्यांचे बिल मिळाले.

मी बँकेत असताना वाहनकर्जाच्या किती फायलींवर सह्या केल्या याची मोजदाद नाही. म्हणून या गोष्टीची मला खटकणारी बाजू तांत्रिक नाही. ती मुदतीची आहे. आज बँका गाडीसाठी सात वर्षांपर्यंत कर्ज देतात, म्हणजे ८४ हप्ते. समजा पाच लाख रुपये कर्ज, व्याज नऊ टक्के. हप्ता बसतो ८,०४५ रुपयांच्या आसपास. आता हमी पाहा. वर्षानुवर्षे दोन वर्षांची हमी हा रिवाज होता. मारुतीने जुलै २०२४ मध्ये आपली मूळ हमी दोन वर्षे किंवा ४० हजार किलोमीटरवरून तीन वर्षे किंवा एक लाख किलोमीटरवर नेली, हे स्वागतार्ह आहे. ती तीन वर्षे धरून चला. छत्तीस महिन्यांत कुटुंबाने भरले सुमारे २ लाख ९० हजार. त्यातले १ लाख १३ हजार व्याजात गेले. हमी संपली त्या दिवशी बँकेचे मुद्दल उरले जवळजवळ सव्वातीन लाख. गाडी बनवणाऱ्याला आपल्या गाडीच्या मुख्य भागांवर तीन वर्षेच विश्वास आहे, आणि त्याच गाडीवर कुटुंबाने सात वर्षे विश्वास ठेवावा अशी अपेक्षा आहे. मधल्या चार वर्षांत, ४८ हप्त्यांच्या काळात, गिअरबॉक्स गेला तर हप्ताही भरायचा आणि बॉक्सही.

बँक मात्र पूर्ण सुरक्षित असते. आरसी बुकावर तिच्या नावाचा बोजा असतो. विमा काढल्याशिवाय ती कर्जाचा धनादेश देत नाही आणि विमा-पत्रावरही तिचे नाव लागते. गाडी चोरीला गेली, जळाली, पुरात वाहिली तर बँकेचे पैसे वसूल. आता त्याच विमा-पत्रातली बारीक अक्षरे वाचा : यांत्रिक किंवा विद्युत बिघाड भरपाईतून वगळला आहे. म्हणजे अपघातात गिअरबॉक्स फुटला तर विमा, चालता चालता मेला तर नाही. आम्ही पूर्वी बैलजोडीला कर्ज देत असू तेव्हा विमा कंपनीचा बिल्ला बैलाच्या कानात ठोकलेला असे, आणि बैल दगावला तर तो बिल्ला आणून दाखवावा लागे. त्या पद्धतीत गंमती-जमती पुष्कळ झाल्या, त्यावर वेगळा लेख होईल. पण निदान रोगाने मेलेला बैल विम्यात बसत असे. गाडीने रोगाने मरायचे नाही असा आताचा नियम आहे.

मग कायदा काय म्हणतो? १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आला तेव्हा त्यामागे बिंदुमाधव जोशींसारख्यांच्या ग्राहक चळवळीची पुण्याई होती. त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून लागू आहे आणि काही बाबतींत तो जास्त सोयीचा आहे. तक्रार आता आपण राहतो त्या जिल्ह्यातच करता येते. गाडी पुण्यात घेतली असली तरी देवणीच्या माणसाला लातूरचा जिल्हा आयोग चालतो. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, दहा लाखांपर्यंत दोनशे रुपये. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत. वकील लावलाच पाहिजे असे नाही.

पण गिअरबॉक्सच्या खटल्यात खरी चढण पुराव्याची आहे. दोष कारखान्यातला आहे हे तक्रारदाराने दाखवायचे. त्यासाठी तज्ज्ञाचा अहवाल लागतो आणि कंपनी म्हणते, गाडी नीट चालवली नाही, ओझे जास्त टाकले, बाहेर उघडली. शिवाय जिंकले तरी काय मिळेल यालाही मर्यादा आहे. मारुती उद्योगविरुद्ध क्लचच्या तक्रारीवरून झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सांगितले की हमीत सदोष भाग बदलून देण्याचे वचन असेल, तर त्या वचनापलीकडे अख्खी गाडी बदलून देण्याचा आदेश देता येणार नाही. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर असेल. म्हणजेच सगळे त्या वचनाच्या शब्दांवर आणि मुदतीवर येऊन थांबते, आणि ते वचन लिहितो विकणारा एकटाच.

गाड्या परत बोलावण्याची सक्तीही आपल्याकडे आता कायद्यात आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली ११०-अ हे कलम आले आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले. ठरावीक प्रमाणात मालकांनी तक्रार केली तर सरकार कंपनीला गाड्या परत घ्यायला लावू शकते. पण गाडी सात वर्षांच्या आतली हवी आणि दोष पर्यावरणाला वा माणसांना धोका करणारा हवा. धावत्या गाडीत जाम होणारा गिअरबॉक्स त्यात बसेल. मुकाट्याने उभा राहणारा, फक्त घराचे अंदाजपत्रक मोडणारा गिअरबॉक्स बसणार नाही. आणि देवणीतल्या एकाची व निलंग्यातल्या दुसऱ्याची गाडी एकाच कारणाने गेली आहे हे त्या दोघांना कळणार कसे? प्रत्येकाला वाटते, आपलेच नशीब फुटके.

उस्तादांच्या हाताला मात्र एका निर्णयाने थोडे बळ दिले आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. आरोप असा की कंपन्या सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधने बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत, त्यामुळे ग्राहकाला अधिकृत वर्कशॉपशिवाय वाट उरत नाही. बाहेरच्या मिस्त्रीकडे गाडी दाखवली एवढ्याच कारणाने सरसकट हमी रद्द करण्याची अट घालू नये, असेही आयोगाने बजावले. पुढे अपिले झाली, तो वाद तांत्रिक आहे. पण "बाहेर हात लावला, हमी संपली" हे वाक्य काउंटरवर ऐकू आले तर ते ब्रह्मवाक्य मानायचे कारण नाही.

हमी वाढवा म्हटले की कंपनीवाले सांगतात, किंमत वाढेल. वाढेलच. आजही जास्तीची हमी ते पैसे घेऊन विकतात आणि मारुतीसारख्या कंपनीची तशी हमी सहा वर्षांपर्यंत जाते. म्हणजे सहा वर्षे बॉक्स टिकेल याचा हिशेब त्यांच्याकडे आहे. नसता तर हा धंदा त्यांनी केला नसता. माझे म्हणणे इतकेच आहे की इंजिन आणि गिअरबॉक्स या दोन भागांची हमी कर्जाच्या मुदतीइतकी असावी, आणि ही गोष्ट बँकांनी लावून धरावी. एकट्या सरांनी शोरूममध्ये मागितले तर विक्रेता हसेल. हजारो गाड्यांचे पैसे मोजणाऱ्या बँकेने मागितले तर तो खुर्ची पुढे ओढेल. कर्जाच्या अर्जात विम्याचा रकाना आहे, जामीनदाराचा आहे. त्याशेजारी 'मुख्य भागांची हमी किती महिने' असा एक रकाना टाकायला छापखान्याला फार शाई लागणार नाही. हमी ३६ महिन्यांची असेल तर ८४ महिन्यांचे कर्ज का द्यायचे, हा प्रश्न कर्ज मंजूर करणाऱ्याने स्वतःला विचारावा. थकलेल्या खात्यांची कारणे लिहिताना आम्ही 'उत्पन्नात घट' असे लिहून मोकळे होत असू. त्यातल्या किती घरांत दारापुढे मेलेली गाडी उभी होती, हे कोणत्याही तक्त्यात येत नसे.

आमच्याकडची पुष्कळ कुटुंबे नवी गाडी घेतच नाहीत. हैदराबाद, पुणे, लातूर इथून वापरलेली व्हॅन येते. तिला हमी नाही आणि विकणारा पुन्हा भेटत नाही. तिथे बाजारातली रीतच चालवावी. मिस्त्री बरोबर न्यावा, त्याची दिवसाची मजुरी हसतमुखाने द्यावी. गाडी थंड असताना एकदा आणि तासभर चालवून तापल्यावर एकदा प्रत्येक गिअर टाकून पाहावा. चढावर नेऊन वेग वाढवताना व सोडताना दांडा निसटतो का, हे पाहावे. खालचा नट उघडून तेलाचा थेंब उन्हात धरावा. विकणारा त्याला तयार नसेल, तर तोंड उघडू न देणाऱ्या बैलाचे काय करायचे हे आपल्याला ठाऊक आहे.

आणि चालत्या गाडीचा बॉक्स कुरकुरू लागला तर एक पथ्य पाळा. आमच्या सरांच्या प्रकरणात नेमके तेथेच अडले, कारण वर्कशॉपने बॉक्सबद्दल दिलेला निकाल तोंडी होता आणि उस्तादांनी नट उघडला तेव्हा कंपनीचा माणूस समोर नव्हता. बॉक्स उघडण्याआधी कंपनीला आणि वर्कशॉपला लेखी कळवा, पोच घ्या. टपालाने पाठवले तर पावती जपा. त्यांचा माणूस येवो न येवो, उघडताना तारखेसह फोटो काढा. निघालेले तेल स्वच्छ बाटलीत भरून बूच लावा. पुढेमागे आयोगाने प्रयोगशाळेत तपासणी करायचे ठरवले तर तपासायला काहीतरी हाती असले पाहिजे. बिलावर 'गिअरबॉक्स दुरुस्ती' एवढे मोघम न लिहवता कोणता भाग, का बदलला, हे लिहून घ्या. काढलेली चक्रे, कड्या, सील तेथे टाकून येऊ नका. ते तुमच्या पैशाचे आहेत, मागून घ्या आणि पोत्यात बांधून माळ्यावर ठेवा. घरातले म्हणतील, हे भंगार कशाला. दोन वर्षे तरी ते पोते विकू नका.